मागच्या डाव्या दाराची काच

१

फाईल गेली ती सावरगावात, भर दुपारी. जेवणं आटोपून सगळे गाडीपाशी आले तेव्हा ते कळलं.

चारही दारं लॉक होती. ड्रायव्हर विजयनं किल्ली लावायच्या आधीच अपर्णाचं लक्ष मागच्या डाव्या दाराकडे गेलं. त्या दाराची काच पार खाली उतरलेली होती. आत सीटवर तिच्या दिराचं, विशालचं जाकीट होतं, पाण्याचा थर्मास होता, सासूबाईंनी सकाळी बांधून दिलेला चिवड्याचा डबा होता. निळी फाईल तेवढी नव्हती.

अपर्णानं खिडकीतून हात घालून सीट चाचपली. मग दार उघडून सीटखाली पाहिलं, पुढच्या सीटखाली पाहिलं, डिकी उघडायला लावली. वर्गात कोणा पोराचं पेन हरवलं की ती म्हणायची, जिथं ठेवलं होतं तिथंच आधी नीट पाहा. ती पुन्हा पुन्हा तिथंच पाहत होती.

फाईलमध्ये दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. तिचा नवरा योगेश सौंसरला वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायचा. अजून चाळिशी गाठली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा नागपूरला डायलिसिस. अपर्णाची किडनी जुळली नाही. सासूबाईंना बीपी. जुळली ती धाकट्या भावाची, विशालची. सहा महिने तपासण्या चालल्या, शपथपत्रं झाली, आणि उद्या अकरा वाजता नागपूरच्या दवाखान्यात दोघा भावांना समितीसमोर बसायचं होतं. समितीला मूळ कागद लागतात. पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून शेवटचा एक दाखला आज तिथल्या कचेरीतून घेतला. दाखला मिळाला, फाईल पूर्ण झाली, आणि जाम नदी ओलांडून सगळे विशालच्या सासुरवाडीत जेवायला आले. दीड तास थांबले असतील. तेवढ्यात सहा महिने गेले.

"ड्रायव्हर, काच लावून जायचं सुचलं नाही काय रे तुले?" विशालच्या सासूबाई शकुंतलाबाई दारातूनच म्हणाल्या.

विजय त्यांच्याच गल्लीतला. गाडी त्याचीच, भाड्यानं चालवायचा; योगेशला डायलिसिसला तोच नेई. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"मावशी, मी उघडी कशी टाकीन?" तो म्हणाला. मग अपर्णाकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगा. सकाळी तुम्ही बटन दाबलं, मी समोरून दाबलं. झाली का ही काच खाली?"

अपर्णाला आठवलं. नव्हती झाली.

२

पांढुर्ण्याच्या चौकीत हरवल्याची नोंद झाली. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, आत सोनंनाणं होतं का? नाही म्हटल्यावर त्याचं पेन जरा हळू चाललं. "जुन्या गाडीची काच आहे. आपोआप खाली बसली असन. कोण्या भुरट्यानं पैशाचं समजून उचललं, कागद पाहून फेकून देईन. मिळाले तर कळवतो."

विशालनं सावरगावच्या त्या गल्लीत घरोघर विचारलं, नदीकाठच्या उकिरड्यापर्यंत जाऊन आला. त्याची बायको प्रणाली सहा महिन्यांची गरोदर होती. ती आईच्या ओट्यावर बसून नुसती पाहत होती.

परतताना काच वर होईना. अपर्णा त्याच खिडकीशी बसली होती. नोव्हेंबरचा गार वारा सौंसरपर्यंत तिच्या तोंडावर येत राहिला, आणि ती मनातल्या मनात सकाळचा प्रवास उलगडत होती. प्रणालीला गाडी लागते म्हणून ती पुढे बसली होती. मागे डावीकडे आपण, मधे फाईल, उजवीकडे विशाल. काच बंदच होती. पेट्रोलचा वास येतो म्हणून आपण बटन दाबलं. काही नाही. विजयनं आपल्या दारावरच्या बटनानं प्रयत्न केला. काही नाही. "ही काच मनाची मालक आहे, मॅडम," तो म्हणाला होता. विशाल तेव्हा बाहेर पाहत होता. काही बोलला नव्हता.

घरी योगेश पलंगावर उशीला टेकून बसला होता. अंगात स्वेटर, डाव्या हाताच्या नसेवर पट्टी. तिचा चेहरा पाहून त्यानं सरकून तिला बसायला जागा केली. तिनं सांगितल्यावर म्हणाला, "पाणी दे थोडं. आजचं किती उरलं आहे?"

त्याला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. तिनं भांड्यात पाहिलं. अर्धी वाटी उरलं होतं.

नागपूरला उर्वशी मॅडम प्रत्यारोपणाचं काम पाहायच्या. फोनवर त्या चांगलंच बोलल्या, पण झेरॉक्सवर समिती बसत नाही, हे त्यांनाही बदलता येत नव्हतं. पुढची बैठक दीड महिन्यानं. तोवर सगळे दाखले, शपथपत्रं पुन्हा. "पेशंटच्या हाताची नस कशी आहे?" त्यांनी विचारलं. डायलिसिसची सुई जिथं टोचतात ती नस साथ देईनाशी झाली होती. अपर्णा म्हणाली, "ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी विजय आला. ओट्याखालीच उभा राहिला.

"मॅडम, गल्लीतले लोक म्हणून राहिले का विजयनं खर्रा खायच्या नादात काच उघडी टाकली अन् योगेशभाऊच्या जिवावर उठला. काल एकानं लग्नाची सवारी काढून घेतली. मले काही नको. गाडी एकदा गौतमभाऊले दाखवू, तुम्हीही चला. काचेत काय आहे ते समजू द्या. मंग तुम्ही म्हणाल ते."

३

सौंसरहून नागपूरकडे निघालं की डाव्या हाताला गौतमभाऊंचं शेड आहे. साठीचा माणूस, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम. तारेनं बांधलेला चष्मा. बोलायचे कमी, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे.

त्यांनी आधी फ्यूज पाहिला. बाकीच्या तिन्ही काचा चालत होत्या. विजयला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून बटन दाबायला लावलं आणि स्वतः बाहेरून डाव्या दाराला कान लावला.

"मोटरचा आवाजच नाही," ते म्हणाले. "काच आपोआप बसली म्हणता?"

"चौकीत तसं म्हणले," अपर्णा म्हणाली.

त्यांनी दार उघडलं आणि पेचकस घेऊन बटन काढायला बसले. बोट लागलं मात्र, काच सरसर वर निघाली. थेट टोकाला जाऊन बसली.

विजय हसला. "पाहा, मनाची मालक."

गौतमभाऊ हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, खाली वाकून खिडकीबाहेरून विजयला खूण केली. काच हलली नाही. दार उघडलं. आतलं बटन दाबलं, काच खाली. पुन्हा दाबलं, वर. दार लावलं. काही नाही. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं, शेवटी काच अर्ध्यावर सोडली. मग अपर्णाला म्हणाले, "मॅडम, काच अर्धी वर आहे. दोन्ही हातांनी खाली दाबा. जोर लावा."

तिनं जोर लावला. काच तसूभरही सरकली नाही.

"विजय, जा बरं. तीन चहा सांगून ये. उभा राहूनच आण."

विजय गेला. तो रस्ता ओलांडेपर्यंत गौतमभाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे ओढली. आतून चार-पाच वायरी बाहेर आल्या. एका लाल वायरीचं वरचं प्लास्टिक तडकलं होतं, आतलं तांबं तुटलेलं.

"दार रोज उघडते, लागते. वायर इथं मुडपून मुडपून तुटली. दार उघडलं का नळी सरळ होते, तुटलेली टोकं एकमेकाले टेकतात. मोटर चालते. दार लावलं का टोकं सुटली. तुम्ही सायन्स शिकवता, तुम्हाले काय सांगू."

"म्हणजे दार बंद असताना काच हलतच नाही."

"ना वर, ना खाली. याच्या बटनानं नाही, समोरच्याही नाही. अन् घसरत तर नाहीच, तुम्ही पाह्यलं."

अपर्णाला वाटलं, आता बरं वाटायला हवं. विजयचा दोष नव्हता. पण गौतमभाऊ अजून नळी हातात धरून उभे होते.

"मंग त्या दिवशी खाली कशी झाली?" तिनं विचारलं.

"तेच ना जी. कोणी तरी दार उघडलं. पुढे किल्ली लावून स्विच ऑन केला, त्याबिगर मोटरले करंट नाही. उघड्या दारात बटन दाबून काच उतरवली. मंग दार लावलं, गाडी लॉक केली."

"पण दार उघडलंच होतं तर फाईल तशीच..." ती बोलता बोलता थांबली.

गौतमभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ज्याच्या हाती किल्ली होती त्याले काचेची गरज नव्हती, मॅडम. काच तुम्हाले दाखवासाठी उतरवली."

४

किल्ली एकच. दुसरी दोन वर्षांपूर्वी हरवली ती पुन्हा केलीच नव्हती. सावरगावात विजयनं गाडी लॉक करून ती शकुंतलाबाईंच्या पुढच्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली होती. अपर्णानं स्वतः पाहिलं होतं. मग ती आतल्या खोलीत शकुंतलाबाईंजवळ आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. म्हणजे बाहेरचा कोणी नाही. घरात जेवलेल्या पाच जणांपैकी कोणी तरी.

विजय? जेवल्यावर तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला पुलाकडे गेला होता. समजा मधे परत आलाही असता. पण उघड्या काचेनं नाव आलं ते त्याचंच. चोर असता तर काच बंदच ठेवून गेला असता. आणि दार उघडून काच चालते हे त्याला ठाऊक असतं तर सकाळी तो समोरचं बटन दाबत बसला नसता.

शकुंतलाबाई तिच्याशेजारी घोरत होत्या. राहिली प्रणाली. आणि विशाल, पण त्याचं नाव अपर्णानं मनातही उच्चारलं नाही.

संध्याकाळी प्रणाली अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. अपर्णा तिच्याजवळ पाट घेऊन बसली, शेंगा हातात घेतल्या.

"प्रणाली, सावरगावात तू गाडीकडे गेलती का?"

प्रणालीचा हात थांबला. "गेली होती, ताई. माह्या गोळ्या समोरच्या सीटवर राहून गेल्या होत्या. तुम्ही झोपल्या होत्या. किल्ली घेतली, समोरचं दार उघडलं, गोळ्या घेतल्या, आली."

"फाईल होती?"

"होती. मी पाह्यली."

"काच?"

"बंद होती." तिनं मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते. "तुमचा माह्यावर शक आहे. मले माहीत होतं तुम्ही इचारसान. खरं सांगू? मले वाटत होतं का ती फाईल नसती तर बरं झालं असतं. मी तिच्याकडे पाहत उभी राह्यली. पण माह्या हातून नाही झालं."

"मंग किल्ली कुठी ठेवली?"

"खिळ्याले अडकवत होती. तर हे ओट्यावर बसले होते, म्हणे दे माह्याजवळ." प्रणाली एवढं बोलून गेली आणि मग शेंगेतला दाणा तिच्या बोटांतून निसटला. तिनं अपर्णाकडे पाहिलं, अपर्णानं तिच्याकडे. विशाल आत टीव्ही पाहत बसला होता. आतून बातम्यांचा आवाज येत होता.

"मी त्याइले काही इचारलं नाही, ताई," प्रणाली अगदी हळू म्हणाली. "अन् इचारणारही नाही."

५

किल्ली हातात होती म्हणून तो चोर ठरत नाही. अपर्णानं स्वतःला हेच बजावलं. रात्रभर बजावलं, सकाळी शाळेत बजावलं. तो तीन दिवस सावरगावच्या चकरा मारत होता, फाईल शोधायला. सासूबाई सरलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, असा भाऊ लाखात मिळत नाही. काच उतरवायला किल्ली पुरत नव्हती. दार उघडं धरावं लागतं, हेही ठाऊक असायला हवं. घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विजयला नाही, तिला नाही.

दुपारी ती घरी आली तेव्हा योगेश जागा होता. काही तरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "गाडी गौतमभाऊकडून आली. वायर तुटली होती. जोडून देली. आता काच चांगली चालते."

"बरं झालं," योगेश म्हणाला. "विशालले आता दार धरून उभं नाही राहा लागत."

तिनं हातातली घडी केलेली चादर तशीच धरली. "म्हणजे?"

"डायलिसिसहून निघतानी मले मळमळते ना. हवा लागते. विजय तिकडे दवाखान्याच्या फाटकावर गाडीचा पास द्याले जाते, तवा विशाल स्विच ऑन करते, मागचं दार अर्धं उघडं धरते, काच खाली करते, मंग मले बसवते. त्याले ती कळ माहीत आहे. वर्षभरापासून करून राहिला." तो थोडा हसला. "विजयले वाटते काच आपल्या मनानं चालते."

अपर्णा चादरीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. योगेशनं तिच्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्याच्या तोंडावरचं हसू विरलं. तो दुकानदार होता. गिऱ्हाईक दारात आलं की काय मागणार हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं.

रस्त्यावरून छिंदवाड्याची बस गेली.

"फाईल सापडली का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"नको शोधू मंग."

"अन् विजय?" ती म्हणाली. "त्याच्या नावावर चाललं आहे सगळं. अन् तुम्ही? तुमची नस पाह्यली का? डॉक्टर काय म्हणले तुम्हीच ऐकलं."

योगेशनं डोळे मिटले. "मी तरी त्याले काय म्हणू, अपर्णा?" तो म्हणाला. "दे म्हणू?"

६

रामाकोन्याच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग होती. आंबिया बहाराची तोड चालू होती. झाडाखाली क्रेट मांडलेले, बाया पलीकडच्या ओळीत फळं उतरवत होत्या. विशाल क्रेट भरत होता. वहिनी भर दुपारी शाळा सोडून आलेली पाहून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही.

अपर्णा वाटभर वाक्यं जुळवत आली होती. ती सगळी गेली. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, गौतमभाऊनं काच दुरुस्त केली."

विशालनं हातातलं संत्रं क्रेटमध्ये ठेवलं. मग दुसरं उचललं, तेही ठेवलं.

"भाऊले माहीत आहे?"

"हो."

तो झाडाच्या बुंध्याशी बसला. तेहतीस वर्षांचा, दोन पोती एकदम उचलणारा माणूस. खाली पडलेलं एक संत्रं उचलून तो ते न सोलता हातात फिरवत राहिला.

"मी नाही म्हणणार होतो, वहिनी. सहा महिन्यांपासून रोज सकाळी उठून म्हणणार होतो. रिपोर्ट जुळला त्या दिवशी आईनं पेढे वाटले. मले कोणी इचारलं? पेढा देला हातात. मी खाल्ला."

"डॉक्टरांनी तुम्हाले एकट्याले बोलावून विचारलं होतं."

"इचारलं. मर्जीनं देऊन राहिले का म्हणे. काचेतून बाहेर भाऊ दिसत होता. जून महिन्यात स्वेटर घालून बसला होता. त्याच्याकडे पाहून नाही कसं निघन तोंडातून?" त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. "मले ऑपरेशनच्या टेबलावरचं सपन पडते. उठतो तर अंग ओलं. प्रणालीले सांगतलं नाही. माणूस आहे मी, भावासाठी मराले तयार आहे असं वाटत होतं मले. थे खोटं निघालं. मले भेव लागते."

अपर्णाला राग यायला हवा होता. ती रागाची वाट पाहत उभी होती.

"त्या दिवशी ठरवलं काहीच नव्हतं," विशाल सांगू लागला. "प्रणालीनं किल्ली हातात देली. सकाळी तुम्ही काच खाली करत होत्या, तवापासून थे डोक्यात होतं. फाईल काढली, सासूबाईच्या कापसाच्या खोलीत गंजीत खुपसली. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलनं आणली. वाटलं, महिना-दोन महिने भेटतील. तोवर हिंमत येईन. उघडी काच पाहून बाहेरच्या चोराचं नाव होईन. विजयचं होईन हे डोक्यातच नाही आलं. आता त्याच्या दारावरून जाता येत नाही मले."

तो उठला, पंपाच्या खोलीत गेला. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली निळी फाईल घेऊन आला. पुसून तिच्यासमोर धरली.

"घ्या. पुढची तारीख काढा. मी येतो. आता नाही म्हणणार नाही."

अपर्णानं फाईल हातात घेतली. सगळे कागद होते, शिक्के होते, सर्वांत वर पांढुर्ण्याचा दाखला. पहिल्या पानावर दोघा भावांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. तिला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर तो आला असता, टेबलावर झोपला असता, आणि तिचा नवरा कदाचित वाचला असता. हा विचार तिनं झटकला नाही. तो धरून ती बराच वेळ उभी राहिली. समोर विशाल ते रिकामं पोतं घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

तिला 'बरं' म्हणता आलं नाही. 'राहू द्या' असंही म्हणता आलं नाही. फाईल छातीशी धरून ती बागेच्या फाटकाकडे चालू लागली.

७

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून उर्वशी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं नाही. दात्याच्या मनात नाही, एवढंच म्हणाली.

"मग प्रश्नच नाही," उर्वशी मॅडम म्हणाल्या. "आम्ही 'तपासणीत योग्य आढळला नाही' इतकंच लिहितो. घरच्यांनाही तेच सांगतो. कारण कोणाला कळत नाही. तुम्ही खात्री करून सांगताय ना? पेशंटची पत्नी म्हणून विचारते."

समोरच्या फळीवर परीक्षानळ्या वाळत होत्या. "हो," अपर्णा म्हणाली.

मरणोत्तर दानातून किडनी मिळावी म्हणून थांबलेल्यांच्या यादीत योगेशचं नाव लागलं. यादी कधी सरकेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ती शाळेतून घरी आल्यावर त्याला म्हणाली, तपासणीत विशालचं काही तरी निघालं म्हणतात. तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "हो का." मग तिचा हात आपल्या हातात घेऊन बसला.

विजयचं काम गौतमभाऊंनी केलं. शनिवारच्या बाजाराला चहाच्या टपरीवर चार माणसांत म्हणाले, "काचेची वायर तुटली होती, मी स्वतः जोडली. विजयचा काडीचा दोष नाही." त्यापलीकडे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, अपर्णालाही पुन्हा काही विचारलं नाही. योगेश उठून विजयच्या घरी गेला, घटकाभर बसला, माफी मागून आला. लोकांच्या लेखी चोर बाहेरचाच राहिला. फाईल अपर्णाच्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली.

मंगळवारी डायलिसिसला निघायच्या आधी सगळे जेवायला बसले. विशालनं ताट घेतलं ते योगेशच्या बाजूला. नेहमीप्रमाणे तोच सोबत जाणार होता. सरलाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता त्या बोलू लागल्या.

"कोण्या मेल्यानं नेली असन माह्या पोराची फाईल. थे गेली अन् तवापासून सारंच फिरलं. विशालचंही काही तरी निघालं. ज्यानं नेली त्याचं कधी भलं होणार नाही, सांगून ठेवतो. त्याच्या पोटच्या पोराले..."

"आई," योगेश म्हणाला. "असं नको म्हणू."

"काऊन नको म्हणू? तुह्या जिवावर उठला थो."

"त्याच्याही घरी आई असन."

सरलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "असन तर असन," त्या म्हणाल्या. "पण तिले तरी माहीत आहे का, आपल्या पोरानं काय केलं थे?"

प्रणाली पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. विशालचा घास हातात राहिला होता. अपर्णानं तव्यावरची भाकरी काढली आणि त्याच्या ताटात वाढली.

"जेवा भाऊजी," ती म्हणाली. "उशीर होते."